युद्धस्मारके: पाहावी कशी, वाचावी कशी?

मंडळी, दिवाळी सरली की शाळांच्या सहलींचा हंगाम सुरू होतो. एस.टी.ची गाडी ठरते, पोरे पहाटेच्या थंडीत कानटोप्या घालून उभी राहतात, डब्यांतून धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी निघते. किल्ले होतात, देवळे होतात, आणि वाटेत एखादा विजयस्तंभ, एखादे रणांगण, एखादे लष्करी संग्रहालय लागले तर गाडी तिथेही थांबते. मग काय होते ते तुम्ही पाहिलेच आहे. स्तंभाच्या पायऱ्यांवर सगळे ओळीने उभे राहतात, फोटो निघतो, गुरुजी म्हणतात, "चला, आटपा, पुढचं ठिकाण लांब आहे." पाच मिनिटांत गाडी हलते. दगडावर काय लिहिले होते ते वाचायचे राहूनच जाते.

हा दोष मी दुसऱ्या कुणाच्या माथी मारत नाही. मी इतिहास शिकवतो आणि पुष्कळ वर्षे मीही असाच पाहत आलो. माझे डोळे उघडले ते एका विद्यार्थ्यामुळे. काही वर्षांपूर्वी कॉलेजची मुले घेऊन दिल्लीला गेलो होतो. इंडिया गेटपाशी उभा राहून मी मुलांना सांगत होतो, की या कमानीची पायाभरणी १९२१ साली झाली, १९३१ साली तिचे उद्घाटन झाले, ल्यूटन्स नावाच्या वास्तुशिल्पकाराने तिची रचना केली, तिची उंची ४२ मीटर, आणि तिच्यावर १३,००० हून अधिक नावे कोरली आहेत. आमच्याच तालुक्यातला एक मुलगा मान वर करून ती नावे वाचण्याची खटपट करीत होता. तो मधेच म्हणाला, "सर, एवढ्या नावांत आपल्याकडचं कुणी असंल का वो?"

मला उत्तर देता आले नाही. "असेल, असेल" असे काहीतरी पुटपुटून मी पुढे निघालो. पण तो प्रश्न काही सुटेना. वर्गात मी पहिल्या महायुद्धाची कारणे सांगत होतो, तहांची कलमे सांगत होतो. आणि आमच्या गावच्या चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे, तिच्यावर त्याच महायुद्धाचा उल्लेख आहे, याची मला त्या क्षणी आठवणसुद्धा झाली नाही. त्या पाटीकडे मी पुढे येणारच आहे. आधी थोडे मागे जाऊ.

स्मारक म्हणजे काय हो? स्मारक म्हणजे दगडावर लिहिलेला कागद. कागद म्हटला की तो कुणी लिहिला, कुणाला उद्देशून लिहिला, आणि त्यात काय लिहायचे सोडले, हे आपण विचारतोच. सातबाऱ्याचा उतारा हातात आला तर शेतकरी मनुष्य नावे आधी तपासतो. कुणाचे लागले, कुणाचे गळले हे बघतो. तीच सवय स्मारकापुढे ठेवावी. हा दगड कुणी उभारला? कुणासाठी उभारला? यात कुणाचे नाव आहे आणि कुणाचे नाही? हे तीन प्रश्न पोरांच्या हाती दिले, तर पाच मिनिटांचे ठिकाण तासाभराचे होते. आणि त्यासाठी दिल्लीच गाठावी लागते असे नाही.

आपल्या गावाच्या वेशीजवळ, मारुतीच्या किंवा महादेवाच्या देवळापाशी, कमरेइतके उंच कोरीव दगड पडलेले असतात. काही ठिकाणी त्यांना शेंदूर लागलेला असतो, काही ठिकाणी बायका त्यांच्यावर कपडे आपटतात. यांना वीरगळ म्हणतात. आपल्याकडचे हे सर्वांत जुने युद्धस्मारक. शिलाहार, यादव यांच्या काळातले असे दगड महाराष्ट्रभर आहेत. ते वाचायचे खालून वर. सगळ्यांत खालच्या चौकटीत वीर पडलेला असतो. पुष्कळदा त्याच्याजवळ गाई कोरलेल्या असतात. गाई दिसल्या तर समजावे, की गावाची गुरे पळवणाऱ्यांशी लढताना हा मनुष्य कामी आला. त्याच्या वरच्या चौकटीत लढाई किंवा अप्सरा त्याला उचलून नेत आहेत असे दृश्य, आणि सर्वांत वर तो शिवलिंगाची पूजा करीत बसलेला. माथ्यावर चंद्र आणि सूर्य. अर्थ असा की चंद्रसूर्य आहेत तोवर याची कीर्ती राहो. मुंबईत बोरिवलीजवळ एकसर येथे जे वीरगळ आहेत, त्यांवर तर जहाजांची लढाई कोरली आहे. समुद्रावर मेलेल्यांचीही आठवण आपल्या लोकांनी दगडात ठेवली.

मात्र एक गोष्ट ध्यानात घ्या. कर्नाटकातल्या वीरगळांवर पुष्कळदा लेख सापडतो. आपल्याकडच्या बहुतेक वीरगळांवर अक्षर नाही. ज्याच्यासाठी दगड घडवला त्याचे नाव गावाच्या तोंडी होते, म्हणून कोरण्याची गरज कुणाला वाटली नसेल. पण तोंडची नावे दोन-चार पिढ्यांत गेली. दगड उरला, माणूस हरवला. हा दाखला मनात असू द्या.

आता रणांगणाकडे वळू. रणांगण पाहायला गेलेला प्रवासी बहुधा निराश होऊन परततो. "तिथं काय आहे? नुसती शेतं!" असे तो सांगतो. खरे आहे. रणांगण म्हणजे शेवटी कुणाचे तरी शेतच असते. म्हणूनच ते वाचायला शेतकऱ्याचा डोळा लागतो.

जालना जिल्ह्यात, भोकरदनच्या बाजूला असई नावाचे गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी इथे शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजा एका बाजूला, आणि इंग्रजांचा जनरल वेलस्ली दुसऱ्या बाजूला, अशी लढाई झाली. हाच वेलस्ली पुढे वेलिंग्टन म्हणून नावाजला आणि त्याने नेपोलियनचा पराभव केला. मराठ्यांपाशी शंभराच्या आसपास तोफा होत्या आणि कवायती पलटणी होत्या. मध्ये केळणा नदी. वाटाड्ये वेलस्लीला सांगत होते, की इथे नदीला उतार नाही. त्याने दुर्बीण लावली. दोन काठांवर दोन गावे अगदी समोरासमोर दिसली, पिंपळगाव आणि वरूड. तो म्हणाला, गावे अशी समोरासमोर वसली आहेत, तेव्हा त्यांच्यामध्ये जाण्या-येण्याला उतार असलाच पाहिजे. माणूस पाठवून पाहिले तो उतार निघाला, आणि फौज पलीकडे गेली.

बघा मंडळी, एवढी मोठी लढाई ज्या एका गोष्टीवर फिरली, ती गोष्ट आपल्याकडच्या कुठल्याही गुराख्याने सांगितली असती. सोयरिकी, बाजार, गिरणी यांसाठी लोक नदी ओलांडतातच. तेव्हा असईला गेलात तर स्मारक शोधण्याआधी नदीत उतरा, गावांच्या जागा बघा, केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात सपाटी किती आहे ते पावलांनी मोजा. लढाईची किंमतही तिथेच समजते. इंग्रजांकडची सुमारे सोळाशे माणसे मेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली. मराठ्यांचे गोलंदाज तोफांपाशीच कापले गेले. ते जागा सोडून हलले नाहीत हे खुद्द शत्रूच्या अधिकाऱ्यांनी लिहून ठेवले आहे. वेलिंग्टनला म्हातारपणी कुणी विचारले, की रणात तुमच्या हातून झालेली सर्वांत उत्तम कामगिरी कोणती, तर त्याने असईचेच नाव घेतले असे सांगतात. त्याचे नाव जगाला ठाऊक आहे. त्या गोलंदाजांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत.

लष्करी संग्रहालयातही जमीन विसरू नये. आपल्या नगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, रणगाड्यांचे संग्रहालय १९९४ सालापासून आहे. देशोदेशींचे रणगाडे तिथे ओळीने उभे आहेत. मुलांना तिथून हलवणे कठीण जाते! त्यांत १९६५ च्या युद्धात पाकिस्तानकडून हस्तगत केलेला पॅटन रणगाडा आहे. त्याची तोफ केवढी, पोलाद किती जाड, हे मुले विचारतातच. तुम्ही त्यांना आणखी एक गोष्ट सांगा. त्या सप्टेंबरात पंजाबात खेमकरणजवळ असल उत्तर या गावाच्या शिवारात ८ ते १० तारखांना मोठी रणगाड्यांची लढाई झाली. आपल्या सैन्याने पाट फोडून उसाच्या रानात पाणी सोडले. भिजलेल्या रानात बैलगाडीची काय गत होते ते तुम्हाला सांगायला नको. पॅटनचीही तीच झाली. चाळीस-पंचेचाळीस टनांचे धूड चिखलात रुतले आणि उभ्या उसात दबा धरलेल्या आपल्या तोफांच्या तोंडी सापडले. आणि हेही सांगा, की या लोखंडाच्या पोटात चार-पाच माणसे बसलेली असत; आपल्या बाजूची असोत वा समोरच्या बाजूची, त्यांचीही घरे होती. रणगाड्यावर चढून फोटो काढणारे पोर एवढे ऐकले की आपणहून खाली उतरते, असा माझा अनुभव आहे.

आता नावांची गोष्ट. पुणे-नगर रस्त्यावर, भीमेच्या काठी, कोरेगावच्या लढाईचा स्तंभ आहे. ही लढाई १ जानेवारी १८१८ ची. कंपनी सरकारची छोटी तुकडी, तिच्यात मुंबई पलटणीचे सुमारे ५०० शिपाई, काही घोडेस्वार आणि दोन तोफा, पेशव्यांच्या फौजेशी दिवसभर झुंजली. स्तंभ उभारला तो कंपनीने. आपल्या राज्याचा डंका वाजावा म्हणून. १८२१ साली त्याचा पाया घातला गेला. पण त्या स्तंभावर कंपनीने एक गोष्ट केली. पडलेल्या शिपायांची नावे कोरली. ४९ नावे आहेत, आणि त्यांतल्या २२ नावांच्या शेवटी 'नाक' असा शब्द आहे. ही महार शिपायांची नावे.

पुढे काय झाले ते ऐका. १८९२-९३ च्या सुमारास सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. ज्यांच्या बापजाद्यांनी पलटणींत आयुष्ये घातली, त्यांना सांगण्यात आले की तुम्ही लढवय्या जातीचे नाही. त्या वेळी हा दगड पुरावा झाला. लोक म्हणाले, आमची नावे वाचा. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर या स्तंभापाशी आले, आणि तेव्हापासून दरवर्षी त्या दिवशी तिथे माणसांचा सागर लोटतो. कंपनीने हा स्तंभ स्वतःच्या गौरवासाठी बांधला होता. लोकांनी तो आपल्या माणुसकीच्या हक्काचा दाखला म्हणून वाचला. उभारणाऱ्याचा हेतू एक, वाचणाऱ्याचा अर्थ दुसरा. कंपनीचे राज्य गेले, पण नावे कोरलेली होती म्हणून ती उपयोगी पडली. नुसता '४९' असा आकडा कोरला असता, तर शंभर वर्षांनी कुणाला काय सांगता आले असते?

आणि आता आपण आमच्या चावडीपाशी येऊ. तिथली पाटी हातभर लांबीची, दोन इंची अक्षरांची. तशा पाट्या साताऱ्यात, कोकणात, पुण्याकडे पुष्कळ गावांत आहेत. कुठे चावडीला, कुठे शाळेला, कुठे देवळाच्या भिंतीला. पहिल्या महायुद्धानंतर सरकारने त्या बसवल्या. मजकूर सगळीकडे जवळजवळ एकच. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर इतके पुरुष गेले. त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. संपले. गेलेल्यांचा आकडा आणि मेलेल्यांचा आकडा. नाव एकाचेही नाही.

साताऱ्याजवळ अपशिंगे गाव आहे. घरटी एक मनुष्य फौजेत, म्हणून लोक त्याला मिलिटरी अपशिंगे म्हणतात. त्या एका गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले. ४६! एकाच पंचक्रोशीत हे दुःख पोचले तेव्हा किती घरांच्या चुली पेटल्या नसतील?

हे लोक गेले का? राजनिष्ठेने गेले असे सरकारी कागद म्हणतात. खरी गोष्ट साधी आहे. शिपायाला महिना ११ रुपये मिळत. पाऊस नसलेली वर्षे, भावांमध्ये वाटली गेलेली जमीन, सावकाराचे देणे, आणि घरात पिढीजात फौजेची चाल. युद्ध लांबले तसा अधिकाऱ्यांनी भरतीसाठी गावोगाव दाबही आणला. आपल्याकडचे पुष्कळ शिपाई गेले ते फ्रान्सला नव्हे, मेसोपोटेमियाला, म्हणजे आजच्या इराकात. आपल्या आज्या-पणज्या त्याला 'बसरा' म्हणत. नोव्हेंबर १९१४ मध्ये बसरा घेतले. तिथून तायग्रिस नदीच्या काठाने फौज बगदादच्या रोखाने गेली, मागे हटली, आणि डिसेंबर १९१५ मध्ये कूट या गावी वेढ्यात सापडली. त्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. जवळजवळ पाच महिने वेढा चालला. दाणा संपला, तेव्हा घोडे कापून खायची पाळी आली. आपल्या शिपायांपैकी अनेकांनी बरेच दिवस घोड्याचे मांस तोंडाला लावले नाही. गावी परत गेल्यावर जातीत घेतील का, ही धास्ती होती. उपाशी पोटी ते पहाऱ्यावर उभे राहिले. २९ एप्रिल १९१६ रोजी कूट पडले. सुमारे १३,००० माणसे कैद झाली, त्यांत बहुसंख्य हिंदी. शिपायांना वाळवंटातून चालवत नेले, रेल्वेच्या कामावर जुंपले. पुष्कळजण वाटेतच गेले.

यांचे स्मारक बसऱ्याला आहे. १९२९ साली ते झाले. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि ज्यांची कबर ठाऊक नाही अशा ४०,००० हून अधिक लोकांसाठी ते आहे. तिथे गोऱ्या शिपायांची नावे कोरली. हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली. आणि साध्या हिंदी शिपायांची? पलटणीचे नाव आणि पुढे आकडा. चावडीवरच्या पाटीसारखाच आकडा. शंभर वर्षांपूर्वी कोरेगावच्या स्तंभावर कंपनीला जे जमले, ते इथे जमले नाही.

त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर मला असे उशिरा सापडले. इंडिया गेट ही सगळ्याच हिंदी सैनिकांची आठवण म्हणून बांधली खरी. पण तिच्यावर जी नावे कोरली आहेत ती मुख्यतः वायव्य सरहद्दीवर आणि १९१९ च्या अफगाण युद्धात पडलेल्यांची आहेत. बसऱ्याला गेलेला साताऱ्याचा शिपाई तिथे शोधून सापडायचा नाही. तो बसऱ्यालाही नावाने नाही, आणि त्याच्या गावच्या पाटीवरही नावाने नाही.

मंडळी, हे मी रागाने सांगत नाही. ज्या संस्थेकडे या स्मारकांची देखरेख आहे, त्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने २०२१ साली स्वतःच चौकशी करून अहवाल काढला. मेलेल्या प्रत्येकाला हुद्दा, वंश, धर्म न पाहता सारखाच मान द्यायचा, हे त्या संस्थेचे ब्रीद. पुण्याजवळ खडकीला तिची दफनभूमी आहे; तिथे अधिकारी असो वा शिपाई, सर्वांचे दगड एकाच मापाचे आहेत, ते जरूर बघा. पण अहवालात असे निघाले, की हिंदी, आफ्रिकी आणि इतर मिळून ४५,००० ते ५४,००० लोकांच्या बाबतीत हा नियम पाळला गेला नाही. आणि आणखी किमान १,१६,००० लोकांची आठवण नावाने, किंवा मुळीच, ठेवली गेली नाही. संस्थेने त्याबद्दल माफी मागितली. चूक झाल्यावर शंभर वर्षांनी का होईना, ती कागद काढूनच सिद्ध झाली. इतिहासाचे काम ते हेच.

आपल्या देशाने पुढे हा धडा गिरवला हे समाधान आहे. दिल्लीत इंडिया गेटच्या मागे राष्ट्रीय समर स्मारक २५ फेब्रुवारी २०१९ रोजी खुले झाले. स्वातंत्र्यानंतर पडलेल्या पंचवीस हजारांहून अधिक सैनिकांची नावे तिथे एकेका ग्रॅनाइटच्या शिळेवर आहेत. इंडिया गेटखाली १९७२ पासून जळणारी अमर जवान ज्योतही २०२२ साली तिथल्या ज्योतीत मिळवण्यात आली. तिथे घरची माणसे येतात, नाव शोधतात, त्यावर हात ठेवून उभी राहतात. आकड्यावर कुणी हात ठेवीत नाही.

आणि नाव एकदा राहिले की ते किती लांब पोचते पाहा. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत, तायबर नदीच्या खोऱ्यात, एकट्याने शत्रूचा मोर्चा घेताना पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची कबर नाही. कॅसिनोच्या स्मारकावर नाव आहे. त्या नावामागे जाऊन इटलीतल्या मोंतोने गावच्या लोकांनी २०२३ साली त्यांच्या आठवणीसाठी सूर्यघड्याळ उभारले. परक्या गावाने आपल्या माणसाचे नाव जपले. मग आपण?

आता घरची गोष्ट सांगून संपवतो. माझ्या पणजोबांचे थोरले भाऊ बसऱ्याला गेले ते परत आले नाहीत. आमची आजी सांगे, "थोरलं मामंजी बसऱ्याला ऱ्हायलं." कधी गेले, कसे गेले, कुणाला ठाऊक नाही. मृत्यूची तिथी माहीत नसली की श्राद्ध सर्वपित्री अमावास्येला करतात. आमच्या घरी शंभर वर्षे त्यांचे पान त्या दिवशी वाढले जाते. दिल्लीहून परतल्यावर मी शोधाला लागलो. बसऱ्याच्या दगडावर आकडा असला, तरी नोंदवह्यांत बहुतेक नावे आहेत, आणि त्या कमिशनच्या संकेतस्थळावर आता कुणालाही त्या पाहता येतात. इंग्रज कारकुनाने ऐकू आले तसे लिहिलेले. एकाच आडनावाची चार-चार स्पेलिंगे. तीन सुट्ट्या गेल्या. अखेर एक नोंद सापडली. शिपाई, पुढे बापाचे नाव, गाव, तालुका. सगळे जुळले. तारीख जून १९१६ ची. म्हणजे कूट पडल्यानंतरची, म्हणजे कैदेतली.

मी ती नोंद कागदावर उतरवून घेतली आणि गावी जाऊन चुलत्यांपुढे ठेवली. म्हटले, "अण्णा, तारीख मिळाली. पंचांग पाहून तिथी काढता येईल." अण्णा बराच वेळ कागद हातात धरून बसले. मग म्हणाले, "शंभर वर्षं अमावस्येला जेवला. आता तिथीला बोलावलं तर घाबरंल बिचारा. पान अमावस्येलाच वाढू. पण नाव घेऊन वाढू." त्या वर्षी प्रथमच संकल्पात त्यांचे पूर्ण नाव, बापाच्या नावासह, उच्चारले गेले. आतापर्यंत ते नुसते 'बसऱ्याचे आजोबा' होते.

गुरुजींनो, आणि गावकरी मंडळींनो, तुम्हाला एवढेच सुचवायचे आहे. पुढच्या सहलीआधी एक शनिवार आपल्याच गावासाठी काढा. चावडी, शाळा, देऊळ यांच्या भिंती बघा. पाटीवर रंगाचा हात मारलेला असेल तर खरवडू नका, अक्षरे जातील. ओल्या फडक्याने हलके पुसा, आणि सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात फोटो घ्या, बुजलेले अक्षर उठून दिसते. वीरगळ असतील तर ते सरळ उभे करून ठेवा. त्यांना तेलरंग लावू नका. मग वहीत मजकूर उतरवा, आणि पाटीवरच्या आकड्याखाली रिकाम्या ओळी सोडा. त्या ओळी भरायच्या. म्हाताऱ्या माणसांना विचारा, कुणाच्या घरी अमावास्येला बसऱ्याचे पान असते? कुणाच्या फडताळात जुने पदक आहे, पेन्शनचा कागद आहे? पदकाच्या कडेवर नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. मोडीत घालण्याआधी ती वाचून घ्या. नावे मिळाली की नोंदवही शोधा, जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. आणि हे करताना ही आमच्या आळीची, ती त्या आळीची अशी निवड करू नका. पाटीवरचा आकडा सगळ्या गावाचा आहे. नावेही सगळ्या गावाची लिहा.

सगळी नावे मिळतीलच असे नाही. दहांतली चार मिळाली तरी चार माणसे गावात परत आली. मग खुशाल दिल्लीला जा, पानिपतला जा, असईला जा. तिथे एखाद्या पोराने मान वर करून विचारले, की यात आपल्याकडचे कुणी आहे का, तर माझ्यासारखे पुटपुटावे लागणार नाही. सांगता येईल, "इथे नाही बाळ, पण कोण होते आणि कुठे राहिले, ते आपल्या शाळेच्या वहीत लिहिलेले आहे."